तीस ग्रॅमनी हलकं अस्वल

१

गुरुवारी सकाळी वहिनीने काचेच्या कपाटातून अस्वल काढलं, मांडीवर घेतलं, तोंडावरून ब्रश फिरवला, दोन्ही अंगठे त्याच्या डोळ्यांवरून नेले आणि ते परत टेबलावर ठेवून दिलं.

"हे माझं नव्हे," ती म्हणाली.

खोलीत तेव्हा आणखी तिघं होती. मुलगा दारात उभा होता, सून चहाचे कप गोळा करत होती आणि वहिनीची शिष्या खिडकीशी बसून दिवसभराच्या सुयांमध्ये दोरे ओवून ठेवत होती. तिघांनीही अस्वलाकडे पाहिलं. कांद्याच्या सालींत रंगवलेलं तेच केसाळ मोहेर कापड, आणि तो रंग वहिनीने एवढ्या एका अस्वलापुरताच केला होता. जुन्या काचेचे तेच तपकिरी डोळे, उजव्या डोळ्यात अडकलेला तोच बुडबुडा. तळपायावर वहिनीच्या नावाची तीच पट्टी.

"आई, तुझंच आहे गं," मुलगा म्हणाला.

"कापड माझं आहे. डोळे माझे आहेत. अस्वल माझं नाही."

मुलाने तासाभरात आपल्या आत्याला फोन केला. ही आत्या म्हणजे वहिनीची नणंद. चौतीस वर्षं तिने पार्सलच्या खिडकीमागे काढली होती आणि तिथे तिला सगळे काटेबाई म्हणत, कारण वजनकाटा बंद पडला की लोक पार्सल तिच्या हातात देत. ती डोळे मिटून आकडा सांगायची आणि तो दहा ग्रॅमपेक्षा जास्त चुकल्याचं कुणाला आठवत नाही. दोरीची गाठ बघून पाठवणारा घाईत होता की रागात, हेही ती सांगायची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी नाव सुटलं नव्हतं, आणि खरं तर तिला ते सोडायचंही नव्हतं.

मुलाने तिला शोध लावायला बोलावलं नव्हतं. वहिनीची समजूत घालायला बोलावलं होतं.

"आत्या, तूच सांग तिला," त्याने बाहेरच्या खोलीत तिला हळूच म्हटलं. "चाळीसेक वर्षं अस्वलं करतेय आणि आता स्वतःचंच ओळखता येईना. परवा ती शिष्येला शेजारीण समजून बोलत होती. मागच्या आठवड्यात इस्त्री हातरुमालाऐवजी टेबलावर ठेवली. मी ठरवलंय. शनिवारचं प्रदर्शन होऊ दे, रविवारी ट्रक येईल. शिलाई मशीन, कपाटं, कात्र्या, सगळं शिष्येकडे जाईल. त्या खोलीत आईसाठी पलंग टाकू आणि दिवसभराची बाई ठेवू."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. दोन दिवस जेवली नाही धड. पण उद्या तिने हात भाजून घेतला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

पोरगा वाईट नव्हता. त्याचे डोळे लाल होते. काटेबाई कार्यशाळेत गेली आणि टेबलावरचं अस्वल दोन्ही हातांनी उचललं.

सोमवारी तिनेच ते उचललं होतं. प्रदर्शनाच्या फॉर्मवर वजनाचा रकाना होता आणि तिने तो हाताने भरला होता: नऊशे चाळीस. मग सगळ्यांनी हसून ते खात्रीसाठी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं होतं, आणि काट्याने मान डोलावली होती.

तिने डोळे मिटून ते तोललं. मग म्हणाली, "काटा आण."

काट्याने नऊशे दहा दाखवले.

२

"तीस ग्रॅम!" मुलगा म्हणाला. "आत्या, हवेतल्या ओलाव्याने होतं तेवढं."

"ओलाव्याने वजन वाढतं बाळा. कमी कशाने होईल? उन्हाने? हे कपाटात बसलं होतं."

"मग काय, कुणी दुसरं अस्वल करून ठेवलं? ते तर शक्यच नाही."

आणि ते खरंच शक्य नव्हतं. वहिनीची एक रीत होती. अस्वल पुरं झालं की त्याचा कागदी नमुना, म्हणजे ज्यावरून कान, पाय, डोकं, पोट असे सोळा तुकडे कापले जातात तो, ती लोखंडी तव्यात ठेवून सगळ्यांसमोर जाळायची. एक अस्वल म्हणजे एकच. सोमवारी संध्याकाळी तो तवा काटेबाईनेच धरला होता आणि तिच्या पदराला अजून धुराचा वास होता. नमुना गेला, रंगवलेल्या कापडाची चिंधीही उरली नव्हती. दुसरं अस्वल करणारा ते करणार कशाचं?

म्हणजे अस्वल तेच होतं. आणि तेच असून ते तीस ग्रॅमनी तेच नव्हतं. काटेबाईला अशी पार्सलं फार आवडायची.

"मला काय वाटतं," शिष्या हळूच म्हणाली, "बाई दमल्यात. विसरायला होतं माणसाला."

"आईंची स्मरणशक्ती ठीक आहे," सून म्हणाली.

ती कपांचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होती. आवाज मोठा नव्हता, पण त्यात शंकेला जागा नव्हती. सगळ्यांनी वळून बघितलं तशी ती स्वयंपाकघराकडे गेली आणि पाचच मिनिटांत पर्स घेऊन कामावर निघून गेली. चष्म्याच्या दुकानात नोकरी होती तिची. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा तिने एकदा हौसेने एका अस्वलाचे केस उलट्या दिशेने विंचरले होते. वहिनीने तिला सांगितलं होतं, "तुझे सगळे गुण मान्य, पण या उंबऱ्याच्या आत माझ्या कामाला हात लावायचा नाही." तेव्हापासून ती कप उचलायला येई तेवढीच.

काटेबाईने बाकीच्यांना बाहेर काढलं आणि वहिनीजवळ स्टूल ओढलं. वहिनीने किटलीतून चहा ओतला. अर्धा कपात, अर्धा बशीच्या बाहेर.

"आज धुकं फार आहे नाही?" वहिनी खिडकीकडे बघत म्हणाली.

बाहेर समोरच्या भिंतीवरचा पत्रा उन्हाने डोळे दिपवत होता. काटेबाईने फडक्याने टेबल पुसलं.

"वहिनी, दादाला तू पहिलं अस्वल दाखवलंस त्याचं वजन आठवतं?"

"आठशे साठ. कान मोठे झाले होते. तुम्ही म्हणालात सशाला अस्वलाचं आंगडं घातलंय. वन्सं, अडतीस वर्षं झाली, मी विसरले नाही ते."

"मग आता सांग, हे तुझं नाही हे तुला कशावरून कळलं?"

"तेच तर सांगता येत नाही. बघून नाही कळलं. हातात घेतल्यावर कळलं. हे दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासारखं बघतंय माझ्याकडे." तिने नणंदेचा हात धरला. "मला वेड लागतंय का हो? खरं सांगा. लागत असेल तर मी आपण होऊन खोली रिकामी करते."

चौतीस वर्षांत तिने पार्सलं हरवलेली बघितली होती, पण स्वतःवरचा भरवसा हरवलेलं माणूस असं जवळून बघितलं नव्हतं.

"रविवारपर्यंत या खोलीतलं काही हलवू नकोस," ती म्हणाली.

मग ती अस्वल घेऊन खिडकीशी गेली आणि चष्मा कपाळावर चढवून त्याला नाकाजवळ धरलं. डाव्या डोळ्याच्या काचेवर, अगदी मधोमध, टाचणीच्या टोकाएवढा निळा ठिपका होता. ओल्या रुमालाने तो पुसला गेला. कानामागचे केस तिने फुंकर मारून बाजूला केले. तिथे, कापडात दाबून बसवलेली, एक गाठ होती. वहिनी डोळ्यांचा दोरा डोक्यातून आरपार ओढून कानामागे बांधायची, आणि तो नेहमी मेण लावलेला जाड दोरा असायचा, हे काटेबाईला ठाऊक होतं.

ही गाठ पारदर्शक होती.

३

शिष्या घरी जायला निघाली होती, तिला काटेबाईने फाटकाशी गाठलं.

"काटेबाई, तुम्हाला माझा संशय येणार हे मला माहीतच होतं," ती चपला घालता घालता म्हणाली. "मशीन मलाच मिळणार ना. सगळे हेच म्हणतील."

"मी अजून काही म्हटलं नाही."

"मला ते मशीन नकोय हो. म्हणजे हवंय, पण असं नकोय. बाईंनी मला नाक भरायला शिकवलं. एका नाकाला मी सतरा वेळा उसवलंय, सतरा वेळा. मी त्यांच्या अस्वलाला हात लावीन?" तिचे डोळे भरले. मग तिला राग आला आणि तिने पिशवीच उघडून दाखवली. "बघा. माझ्याकडे काय आहे बघा."

पिशवीत कात्री होती, टोकदार लाकडी दांडी होती आणि मेण लावलेल्या दोऱ्याचं जाडजूड रीळ होतं. काटेबाईने ते रीळ हातात तोलून बघितलं.

"हे नेहमी बरोबर असतं?"

"चष्म्यासारखं. बाईंचं त्या खणात कुलपात ठेवतात, किल्ली त्यांच्या गळ्यात. म्हणून मी माझं आणते."

"आणि भरायला काय वापरता?"

"डोक्यात लाकडाचा बारीक कीस. दांडीने ठोकून ठोकून भरायचा, म्हणजे तोंड घट्ट होतं आणि नाक चेपत नाही. पण त्याचं पोतं सोमवारीच संपलं. नवीन शनिवारी येणार आहे."

"एकदा भरलेला कीस काढून परत भरता येतो?"

"छे. भुगा होतो त्याचा. निम्मा हातालाच लागतो."

काटेबाईने मान डोलावली. बुधवारी शिष्या सकाळी अकरालाच गेली होती, आणि तेव्हा अस्वल कपाटात कसं दिसत होतं असं विचारल्यावर ती चपलेच्या पट्ट्याशी उगाच चाळा करू लागली.

"बरं दिसत होतं," ती शेवटी म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"मला विचारू नका ना. मी बाईंची शिष्या आहे."

घरात परत येऊन काटेबाई बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर बसली आणि एका बाजूला कलली. डावी उशी पोट खपाटीला गेल्यासारखी झाली होती. तिने ती उचलली, मग उजवी उचलली, आणि दोन्ही हात कितीतरी वेळ तसेच हवेत धरून बसली.

मुलगा कामावरून आला तेव्हा आत्या दोन उशा घेऊन ध्यान लावून बसलेली त्याला दिसली. भ्रम झालेली आई एकटीच नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

४

बुधवारी अस्वल बघायला एक माणूस येऊन गेला होता. निवृत्त न्यायाधीश, घरात त्रेसष्ट अस्वलं, सगळी काचेआड, प्रत्येकाची वेगळी फाइल. वहिनीची अकरा त्यांच्याकडे होती आणि बारावं त्यांना हवंच होतं. शुक्रवारी सकाळी काटेबाई त्यांच्या घरी गेली.

"मी ते कपाटाबाहेर काढलं नाही," न्यायाधीश म्हणाले. त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले होते आणि एका अस्वलाचा पाय तपासत होते. "हवं तर शपथेवर सांगतो. मी दुपारी बाराला गेलो. बाई बँकेत निघाल्या होत्या. त्यांच्या सूनबाईंनी दार उघडलं आणि मी असेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. मी काचेतून बघितलं, पाच मिनिटं थांबलो, निघालो."

"पाचच मिनिटं? बाराव्या अस्वलासाठी?"

न्यायाधीशांनी पाय खाली ठेवला. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती आणि खरं बोलायचा धीर होत नव्हता.

"मला वाईट वाटलं," ते म्हणाले. "बाई नेहमी डावा डोळा केसभर खाली बसवतात. तीच तर त्यांची ओळख. बघणाऱ्याला वाटतं, अस्वल आपल्याला काहीतरी विचारतंय. पण यावेळी तो केसभर नव्हता, तांदळाच्या दाण्याएवढा उतरला होता. कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं दिसत होतं बिचारं. शनिवारी तिथे तीनशे लोक येतील. त्यांतले निम्मे दुसऱ्याची चूक बघायलाच येतात."

"हे तुम्ही वहिनीला सांगितलंत?"

"माझी काय बिशाद! जाताना दारात फक्त एवढं म्हणालो, की बाईंचा हात आता राहिला नाही, शनिवारी हसं होईल, तुम्ही लोकांनी त्यांना सांभाळा."

"कुणाला म्हणालात?"

"दारात दुसरं कोण असणार?" न्यायाधीश म्हणाले.

काटेबाईने कपाळावरचा चष्मा काढला. त्याच्या एका काडीचा स्क्रू महिनाभर ढिला होता आणि ती रोज म्हणायची, उद्या नेऊ. तो नेण्यासाठी आजच्यासारखा मुहूर्त दुसरा नव्हता.

५

दुकानात गर्दी नव्हती. एक गृहस्थ नवीन फ्रेम घालून आरशासमोर ताठ बसले होते आणि सून त्यांच्यासमोर वाकून उभी होती. "सरळ माझ्या नाकाकडे बघा," असं म्हणत तिने बारीक पेनने त्यांच्या चष्म्याच्या काचेवर एक ठिपका दिला, मग दुसरा. निळे. बरोबर बुबुळाच्या समोर. मग छोटी पट्टी लावून दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, आणि ते दोन्ही एका रेषेत आहेत का ते पुन्हा बघितलं.

काटेबाई काउंटरवर कोपर टेकून बघत राहिली. तिथे काचेखाली अर्ध्या फ्रेमचे चष्मे मांडले होते, ज्यांची काच खालून फक्त एका बारीक पारदर्शक दोरीने धरलेली असते. बाजूला त्या दोरीचं रीळही होतं.

गृहस्थ गेले. सुनेने चष्मा हातात घेतला, स्क्रू पिळला, काड्या पुसल्या, आणि तो परत देताना तिच्या लक्षात आलं की आत्येसासूबाई चष्म्याकडे बघत नाहीयेत.

"ठिपका एक राहिला होता पुसायचा," काटेबाई म्हणाली. "डाव्या डोळ्यावरचा."

सून स्टुलावर बसली. मग एकदम सगळं बाहेर आलं.

"बुधवारी दुपारी दुकान बंद असतं. आई बँकेत होत्या, तीन तास मिळाले. मी मानेच्या मागची शिवण उसवली. कीस काढला तर त्याचा भुगाच झाला. परत भरला तेवढा भरला, बाकी सोफ्याच्या उशीतला कापूस घातला. मेणाचा दोरा कुलपात, म्हणून ही दोरी. आत्या, मी चोरी नाही केली हो."

"तुला डोळे बांधायला शिकवलं कुणी?"

"कप उचलायला किती वेळ लागतो?" सुनेने नाक पुसलं. "एक मिनिट. मी पाच लावायची. दिवसातून दोनदा. नऊ वर्षं."

काटेबाईने मनात गुणाकार केला आणि तिला हसू आलं, ते तिने दाबलं. अजून रागवायचं राहिलं होतं.

"काल सकाळी तिथल्या तिथे का नाही बोललीस? ती बाई स्वतःला वेडी समजून बसलीय."

"कशी बोलू? बोलले असते तर आईंना सगळ्यांसमोर कळलं असतं की त्यांचं अस्वल वाकडं झालं होतं. नाही बोलले तर यांना वाटतं आईंना भास होतात. इकडे आड तिकडे विहीर. मला वाटलं, प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग ट्रकपुढे आडवी पडून सांगेन." ती थांबली. "आणि आईंच्या डोळ्यांचं सांगायचं नाही, असं वचन घेतलंय त्यांनी माझ्याकडून. मागच्या वर्षीच. त्यांच्या आईची दृष्टी ऑपरेशननंतर गेली होती, त्याची धास्ती बसलीय त्यांना. त्या म्हणाल्या, याला कळलं तर हा पहिली माझी खोली बंद करेल."

"आणि तसंच झालं," काटेबाई म्हणाली. "पर्स घे. आपण घरी जातोय."

"आत्ता? आई मला उभी करणार नाहीत."

"तर बसून सांग. पण सांग."

६

कार्यशाळेत सगळ्यांना बसायला जागा नव्हती. मुलगा दाराला टेकून उभा राहिला, शिष्या खिडकीच्या कट्ट्यावर बसली, आणि सून उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. काटेबाईने अस्वल टेबलावर मधोमध ठेवलं.

"या घरात दोन दिवस दोन गोष्टी चालल्यात," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता अस्वल तेच. वहिनी म्हणते अस्वल माझं नाही. दोघंही बरोबर आहात. दुसरं अस्वल कुणी केलंच नाही, म्हणून जळलेल्या नमुन्याचा प्रश्नच नाही. याच अस्वलाचं डोकं उसवून कुणीतरी डोळे पुन्हा बसवले. आतला कीस भुगा होऊन सांडला, त्या जागी उशीतला कापूस गेला. ते तुमचे तीस ग्रॅम. उशी घरातली, म्हणजे माणूस घरातलं. शिष्येने केलं असतं तर तिच्या पिशवीत मेणाचा दोरा होता, तिला चष्म्याची दोरी कशाला लागेल? न्यायाधीशांनी बुधवारी बाराला डावा डोळा उतरलेला बघितला, म्हणजे काम त्यानंतरचं. आणि तू," ती भाच्याकडे वळली, "तू बुधवारी रात्री आठपर्यंत ऑफिसात होतास, आणि तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"मग?"

"सगळे म्हणत होते, वहिनीला भास होतात. एकच माणूस म्हणालं, होत नाहीत. वाटतं असं नाही म्हणालं, ठीक आहे असं म्हणालं. इतकी खात्री ज्याला असते त्याला कारण माहीत असतं."

मुलाने वळून बायकोकडे पाहिलं. सुनेने मान खाली घातली नाही, हे काटेबाईला बरं वाटलं.

"आणि आता तुझं," काटेबाई वहिनीला म्हणाली. "चहा बशीबाहेर, इस्त्री टेबलावर, शिष्येची शेजारीण, भर उन्हात धुकं. यात विसरण्यासारखं काय आहे? सगळं न दिसण्यासारखं आहे. मोतीबिंदू झालाय तुला, आणि तो तू वर्षभर पदराखाली झाकून बसलीयस. डोक्याला काही झालेलं नाही. डोकं शाबूत आहे, म्हणून तर अंगठे फिरवल्याबरोबर कळलं की डोळे कुणीतरी एका रेषेत बसवलेत."

वहिनीने हात पुढे करून अस्वल जवळ ओढलं आणि अंगठे पुन्हा त्याच्या डोळ्यांवर ठेवले.

"एका रेषेत," ती पुटपुटली. "हो. तेच." मग तिने उंबऱ्याच्या दिशेने तोंड केलं. "माझ्या अस्वलाचं डोकं उसवलंस?"

"हो, आई."

"कुठून?"

"मानेच्या मागून. जुन्या शिवणीवरूनच."

"शहाणी आहेस. पुढून उसवलं असतंस तर घराबाहेर काढली असती." वहिनीने मान हलवली. "माझं फारच वाकडं झालं होतं का?"

सून नवऱ्याकडे बघू लागली. काटेबाई खाकरली.

"झालं होतं," सून म्हणाली. "तांदळाएवढं."

वहिनीला हे लागलं. ते तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं आणि तिने लपवलंही नाही. मग तिने एक लांब श्वास सोडला आणि तिचे खांदे दोन दिवसांत पहिल्यांदा खाली आले.

"वेडी नाही मी," ती म्हणाली. "आंधळी होतेय फक्त. देवा, केवढं बरं वाटतंय." आणि ती रडायला लागली, आणि रडतारडता हसायलाही लागली, त्यामुळे मुलाची पंचाईत झाली, की जवळ जायचं ते कशासाठी.

"आई, ते ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या वेळचं सोड. मला आधी सांगितलं असतंस तर..."

"तर तू ट्रक आधी बोलावला असतास."

मुलगा ओशाळला. त्याने खिशातून फोन काढला आणि बोलत बोलत बाहेर गेला. "नाही हो, रविवारचं नकोच. नाही, पुढच्या रविवारीही नको," असं त्याचं बोलणं ऐकू आलं.

वहिनीने डोळे पुसले आणि तिचा आवाज नेहमीचा झाला.

"पण इतके सरळ का गं बसवलेस? माणसाचे तरी असतात का सरळ?"

"कुणाचेच नसतात," सून म्हणाली. "आम्ही चष्मा वाकवतो, म्हणून तो सरळ दिसतो."

"हे माहीत असून?"

"भीती वाटली. भीती वाटली की माणूस पट्टी लावतो."

वहिनीने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी दहाला पेटी न्यायची आहे. अजून पुरी दुपार आहे. कीस नाही तर नाही, कापूसच ठोकून भरू. डोळा किती खाली घ्यायचा ते मी सांगते, पण उतरला किती ते मला दिसणार नाही. ते तू बघायचं. मी म्हणेन थांब, तरी तुला वाटलं तर थांबायचं नाही. कळलं?"

"मी?"

"मग काय वन्संना सांगू? त्या वजन करत बसतील."

सून उंबऱ्यावरून आत आली, तशी चाचरतच, हातात कप नसल्यामुळे हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. शिष्येने कट्ट्यावरून उतरून मेणाचा दोरा काढून दिला. सून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"तिथे नाही," वहिनी म्हणाली. "तिथून तुझीच सावली कामावर पडेल." तिने उठून आपली खुर्ची खिडकीपासून हातभर बाजूला ओढली आणि रिकाम्या झालेल्या जागेवर थोपटलं. "इथे बस. उजेड डावीकडून घ्यायचा."